मलकपेठेतला फेसाचा डोंगर

माझ्या निवृत्तीमामाच्या टँकरला प्रदूषणाचं कव्हर घ्यायला मीच लावलं, आणि त्याचा मला भलता अभिमान होता! रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून हैदराबादेत काचीगुड्याच्या विमा कचेरीत बसलेल्या मुलीने आणखी कशाचा अभिमान बाळगायचा?

"मामा, गाडीने कुणाला ठोकलं तर साधा विमा आहेच. पण टँकरमधलं सांडून रस्ता-नाला घाण झाला, तर साफसफाईचा खर्च हे कव्हर देईल."

"मी सांडतच नाही गं," मामा म्हणाला.

आणि ऐन संक्रांतीच्या आठवड्यात, मलकपेठेत, दुभाजकाला घासून टँकरचा व्हॉल्व्ह तुटला!

मी ऑटोने पोचले तेव्हा मामा डोकं धरून फुटपाथवर बसला होता. गर्दी नाकाला रुमाल लावून लांब उभी. महापालिकेचे साहेब जीपमधून उतरून ओरडत होते, "हे नाल्यात गेलं तर टँकर जप्त करेन!"

मामाकडे टँकर एकच. घर त्याच चाकांवर चालायचं.

मी विमा कंपनीच्या सर्व्हेअरला, श्रीकांतला, फोन लावला. तो म्हणाला, "अपघाताने सांडलंय ना? मग कव्हर आहे. फक्त मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका!"

मी वाकून पाहिलं. दाट, पारदर्शक, मधासारखं संथ! कारखान्यात जाणारा पातळ न केलेला द्रवसाबण! उन्हात त्याच्यावर रंग सरकत होते. मी इतकी हरखले, की गर्दीला धीर देणं मला कर्तव्यच वाटलं.

"घाबरू नका! जहर नहीं है, सिर्फ साबुन है!"

मग समोरच्या गॅलरीतून एक खाला, मोहल्ल्याची मावशी, वाकली. "साबुन? फुकट का?"

"हौ खाला, लेकिन..."

माझं 'लेकिन' कुणी ऐकलंच नाही! सणाची साफसफाई घरोघरी चाललेली. रुमाल खिशात गेले, बादल्या बाहेर आल्या. चादरी आल्या, सतरंज्या आल्या, चार ऑटो आले, एक बकरी आली! मामाने टँकरसमोर हात पसरले, तर एकाने त्याच्या हातावर ओली गोधडीच वाळत टाकली. आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला कुणीतरी पाइप जोडला.

"पानी नक्को! पानी नक्को!" मी किंचाळले.

पाणी आलं.

पुढे जे झालं ते मला कुठल्याही प्रयोगशाळेने दाखवलं नव्हतं! नाल्याच्या प्रत्येक झाकणातून पांढरा खांब उगवला. तो वाढला, डुलला, शेजारच्या खांबाला जाऊन मिळाला. केसाच्या शंभराव्या भागाइतका पातळ पापुद्रा, आणि त्याच्या जोरावर जीपचं बॉनेट गडप! प्रत्येक बुडबुड्यात एक इवलंसं, उलटं मलकपेठ!

"मामा, बघ तरी किती सुंदर!"

"बाई, माझा टँकर!"

श्रीकांत फेसातून वाट काढत आला. त्याचं फक्त डोकं दिसत होतं. त्या डोक्याने विचारलं, "सांडलं ते अपघाताने, मान्य. पण पाणी मारून नाल्यात कुणी ढकललं? जाणूनबुजून केलेलं प्रदूषण कव्हरमध्ये बसत नाही!"

मामाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तेवढ्यात खाला कौतुकाने पुढे आली आणि तिने माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला.

"ये बच्चीच बोली ना, साबुन है करके! अल्ला खुश रखे!"

साहेबांनी मिशीवरचा फेस पुसला. रस्त्याकडे पाहिलं. टँकरमधून सांडलेल्याचा टिपूससुद्धा उरला नव्हता! मग त्यांनी मामाला हात केला.

"तुमचा अपघात, फेस यांचा. गाडी घेऊन जा. ये मॅडम इधरिच रहते."

आणि माझ्या हातात खराटा दिला.

मामा टुणकन टँकरमध्ये चढला. गाडी सुरू करून त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय गं प्रियदर्शिनी, भाचीच्या तोंडून सांडलं तर असं कव्हर निघतं का?"

नाही निघत. मी कंपनीत विचारून आले.