तापला तर बदलून मिळेल

योगराजने गेम खेळण्यासाठी लॅपटॉप घेतला आणि त्या लॅपटॉपवर गेम सुरूच होत नाही. ही बातमी वाचकांनी वाचताक्षणी विसरावी. असं काही घडलेलं नाही. योगराजच्या घरच्यांना विचारलंत तर तेही हेच सांगतील. त्यांच्या मते लॅपटॉप तलाठी भरतीच्या अभ्यासासाठी घेतलाय आणि अभ्यासाला तो सोन्यासारखा आहे. तेव्हा आपणही काही झालंच नाही असं धरून मे महिन्यातल्या त्या शनिवारपासून सुरुवात करू.

योगराज जळगावच्या पिंप्राळ्यात राहतो आणि एका पतपेढीत कारकुनी करतो. दर रविवारी तो, अमळनेरचा रुपचंद आणि कॉलेजातली आणखी दोन टाळकी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत. बाकीच्यांनी एकेक करून लॅपटॉप घेतले. योगराजचा मोबाइल मात्र तिसऱ्या वळणावर गाडीसकट गोठायचा.

"काय भो, आजबी वळणावरच उभा का?" रुपचंद फोनवर म्हणाला. "तिथं चहाची टपरी तरी टाक. हे बघ, राग नको मानू, पण पंधरा दिवसांत तुझं मशीन आलं नाही तर तुझ्या जागी आम्ही माझ्या सासऱ्यांना घेतोय."

सासरे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर होते. गेममध्येही ते प्रत्येक थांब्यावर गाडी उभी करत. तरी ते चालतील, पण योगराज नको, असं ठरलं होतं. हे जिव्हारी लागण्यासारखं होतं आणि लागलं.

घरी 'गेमसाठी लॅपटॉप' म्हणायची सोय नव्हती. म्हणून त्याने तलाठी भरतीचं नाव पुढे केलं. आई कुंदाबाई लगेच विरघळली. पण त्या घरात टाचणीपेक्षा मोठी वस्तू आणायची तर थोरले काका, अभिमननाना, सोबत लागत. नानांनी दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी केली होती आणि निवृत्तीनंतरही ते तिथेच राहत. जगातल्या वस्तूंचे ते दोनच प्रकार मानत: तापणाऱ्या आणि न तापणाऱ्या. जावई निवडतानाही त्यांनी हीच कसोटी लावली होती.

"एसी बंद कर," त्या शनिवारी दुकानात शिरताच नाना म्हणाले.

दुकानदार भूषणला वाटलं, म्हाताऱ्याला गारवा सोसत नसेल. "नाना, बाहेर पंचेचाळीस आहे."

"म्हणून तर. गारव्यात कोणतंबी मशीन शहाणं दिसतं. आमच्या घरी एसी नाही. बंद कर, अन् फुल लोड टाक."

एसी बंद झाला. दोन गिऱ्हाइकं घाम पुसत निघून गेली. भूषणने बजेटात बसणारे तीन लॅपटॉप ओळीने मांडले. "नाना, यांच्यावर लोड टाकायचा तर गेम चालवावा लागेल. कुणीतरी खेळायला पाहिजे."

नानांनी पुतण्याकडे बोट केलं. "बस. खेळ."

योगराजने कीबोर्डकडे, परक्याचं रडकं बाळ मांडीवर दिल्यासारखं, बघितलं. "यात... कुठलं बटण दाबायचं असतं?"

"असं काय करता दादा?" भूषण म्हणाला. "परवा तर तुम्हीच इथे येऊन तासभर—"

योगराजला इतका मोठा खोकला आला की नानांना त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले. मग त्याने आपली गाडी आपल्याच हाताने भिंतीवर घातली. नदीत घातली. शेवटी उलट्या गिअरमध्ये थेट प्रेक्षकांत नेली. आतून त्याला रडू फुटत होतं.

"पोराला गेम बिलकूल जमत नाही," नाना भरल्या गळ्याने भूषणला म्हणाले. "घरना संस्कार शेतस."

त्यानंतर नानांनी पालथा हात एकेका लॅपटॉपच्या पोटाला लावला. पहिल्याला लावला आणि झटकला. "नापास." दुसरा योगराजने मनात कधीच घरी नेला होता. त्याचा पंखा घरघरू लागला. "हा दम्याचा पेशंट." तिसऱ्याचा पडदा बघता बघता काळा झाला. "वारला."

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या एका चपट्या, राखाडी लॅपटॉपवर गेली. "तो?"

"तो सोडा नाना. एकदम साधा. त्याच्यात गेम सुरूच होत नाही."

"तापतो का?"

"काही करतच नाही, तर तापेल कशाला?"

"पंखा?"

"पंखाच नाही त्याला."

नानांनी त्याच्या पोटावर हात ठेवला आणि ठेवलेला काढलाच नाही. "पंखा नही, आवाज नही, अन् तापसबी नही. मशीन शे का समाधीमा बठेल महाराज?"

"नाना, पण याच्यात ताकद नाही," योगराज म्हणाला.

"अभ्यासाला ताकद कशाला? कुस्ती शे का?"

"परीक्षेत नकाशे असतात. थ्रीडी."

"तलाठी थ्रीडीत फिरतो का?"

'मला गेम खेळायचे आहेत' हे वाक्य योगराजच्या दातांपर्यंत आलं, त्याने नानांचा चेहरा बघितला आणि ते आल्या वाटेने परत गेलं.

खोकं बांधता बांधता भूषण त्याच्या कानाशी लागला. त्याला सगळं कळलं होतं. "दादा, आठ दिवसांत तापून आपोआप बंद पडला तर बदलून तो दम्याचा पेशंट देतो. वरच्या पैशाचं आपण हप्त्यानं बघू. पण आपटून नाही, पाणी पाडून नाही. फक्त तापून."

योगराजचा चेहरा उजळला. जळगावात, मे महिन्यात, एक वस्तू तापवायची. इतकं सोपं काम त्याला पतपेढीनेही कधी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने लॅपटॉप गच्चीवर नेला आणि आईने वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांमध्ये, म्हणजे बिबड्यांमध्ये, सुरू करून ठेवला. आई बिबड्या उलटायला वर आली.

"योगराज, हाई काय शे रे बिबड्यासमा?"

"चार्जिंगला ठेवलाय आई," त्याच्या तोंडून गेलं. "सोलर आहे."

तिने आधी लॅपटॉपला नमस्कार केला आणि मग ती शेजारच्या पुष्पाबाईंना सांगून आली. पुष्पाबाई स्वतःचा मोबाइल घेऊन हजर. "कुंदाताई, एकाच उन्हात याचंबी सोलर होई का?" होईल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी करून बघायचं ठरवलं. दुपारपर्यंत बिबड्यांच्या बाजूने गल्लीतले तमाम मोबाइल पालथे पडले होते. एक जण इस्त्री घेऊन आला होता. त्याला परत पाठवलं.

मोबाइल एकामागून एक गचकले. लॅपटॉप मात्र चालूच. त्याच्यावर भाजलेली बिबडी ठेवली असती तर करपली असती, पण पडद्यावर महसूल कायद्याचं पान स्थिर उभं होतं.

"आमना बठ्ठा मोबाइल बंद पडनात, अन् हाऊ देखा कसा बठेल शे!" पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांना राग यायला हवा होता. पण त्यांनी हात जोडले.

ही कीर्ती फोनवरून दीपनगरला गेली आणि नाना मिळेल त्या रिक्षाने येऊन थडकले. त्यांनी पुतण्याला गच्चीवरच फैलावर घेतलं. "असं गुणी मशीन उन्हात टाकतोस? अक्कल शे का? आजपासून हा कूलरपुढे राहील."

त्या घरात कूलर एकच होता आणि त्याच्यापुढे बसायचा मान आजवर फक्त जावयाला मिळाला होता. आता तिथे पाटावर लॅपटॉप बसला. माणसं बाजूला सरकून, त्याला लागून जो काही वारा येईल तो घेऊ लागली. योगराजने एकदा संधी साधून तो स्कूटरच्या डिक्कीत कोंबला आणि स्कूटर दिवसभर पतपेढीच्या अंगणात उन्हात उभी केली. संध्याकाळी डिक्की उघडताना त्याची बोटं भाजली. लॅपटॉपने विचारलं, 'वाचन पुढे सुरू ठेवायचं का?'

शुक्रवारी पेपरात आलं की उद्यापासून ढग येणार आणि पारा उतरणार. गल्लीत लोकांनी एकमेकांना ती बातमी वाचून दाखवली. एका माणसाने मात्र पेपरची घडी करून तो दूर ठेवला.

तेवढ्यात रुपचंदचा फोन. "भो, तुझं काय मग? नाही, घाई नाही. सासरे फक्त विचारत होते. त्यांनी खाकी शर्ट इस्त्री करून ठेवलाय."

योगराजने फोन ठेवला. कूलरपुढे जाऊन पाटाशेजारी मांडी घातली. लॅपटॉप उघडला. पत्र लिहायला तो खरोखरच उत्तम होता.

"प्रति,
मा. प्रमुख, हवामान विभाग.

विषय: पिंप्राळा परिसराचे तापमान वाढवून मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, सध्याचे तापमान सर्वसामान्य नागरिकांस पुरेसे असले तरी अर्जदाराच्या कामास ते अपुरे पडत आहे. त्यातच उद्यापासून पारा उतरणार असल्याचे वृत्तपत्रातून समजले. तरी सदर उतारास तात्काळ स्थगिती देऊन, अर्जदाराच्या गच्चीस रविवार सकाळपर्यंत किमान साठ अंश सेल्सिअस तापमान मंजूर करावे, ही नम्र विनंती. उर्वरित जिल्ह्यास गारवा देण्यास अर्जदाराची हरकत नाही."