तांबड्या शाईचा रकाना

कोणतीही संस्था परस्परांविषयीच्या आदरावर उभी असते आणि आदर टिकवायचा तर मध्ये थोडे अंतर लागते, हे कोणीही शहाणा माणूस कबूल करील. सोलापुरातल्या ज्या दवाखान्यात मी कारकून होतो, त्याच्या समितीला हे सत्य १९३४ च्या उन्हाळ्यात उमगले. (तोवर तिथे नुसतेच काम होत असे.)

काम करीत दोघी. मुक्ताबाई नर्स आणि मायाक्का झाडूवाली. घाणीचे भांडे या हातातून त्या हातात सरळ जाई. नेताना मायाक्का त्यात डोकावे आणि म्हणे, "नर्सबाई, चार नंबरचं लक्षण बरं न्हाय." बारापैकी अकरा वेळा तिचे खरे ठरले. (बाराव्या वेळी तिने डॉक्टरांचे ऐकून आपले मत बदलले होते.)

एवढ्या चांगल्या सहकार्याला नियम नसावेत, ही गोष्ट उपाध्यक्ष हिंदुरावांना लागली. त्यांनी 'सन्मानपूर्वक सहकार्याची नियमावली' केली. मायाक्काला यापुढे 'मायाक्काबाई' म्हणावे. भांडे हातात न देता खडूच्या चौकोनात ठेवावे, नर्सने तीन पावले मागे सरावे, मग मायाक्काबाईंनी ते उचलावे. रोग्याच्या तोंडात जाणाऱ्या कोणत्याही वस्तूला त्यांनी हात लावू नये, म्हणजे त्यांच्या हातांना जादा श्रम पडणार नाहीत. नियमावली मीच सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला लावली. तिच्याखालची भिंत मायाक्का रोज पुसून काढी.

पुढच्याच आठवड्यात पटकीची साथ आली. एकतीस रोगी आणि मुक्ताबाई एक. डॉक्टरांचा हुकूम होता, दर दहा मिनिटांनी प्रत्येकाला मिठाचे पाणी. दवाखान्यात घड्याळे दोन होती, पण त्याने हात वाढत नाहीत.

मुक्ताबाईंनी वाटी-चमचा पुढे केला. "मायाक्का, हात साबणानं धुऊन घ्या. खिडकीकडचे सहा तुमचे."

त्या सहांत हिंदुराव होते. मंद्रूपच्या बाजारात गेले होते, तिथूनच टांग्यात घालून आणले होते. मायाक्का त्यांच्यापाशी थबकली.

"मालक, मी मायाक्का हाय. नेमात बसंल का?"

नियमावलीच्या कर्त्याने एक डोळा उघडला. "नेम गेला खड्ड्यात. चमचा हिकडं कर की!"

दुपारभर ते तिच्या हातचे पाणी प्याले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेज मागितली आणि चौथ्या दिवशी नियमावली.

नियमभंग झाल्याचे समितीला कोणी कळवले, असा प्रश्न येईल. मी कळवले. कारकुनाने नाही कळवायचे तर कोणी?

चौकशीला हिंदुरावच अध्यक्षस्थानी होते. मायाक्का दाराबाहेर उभी होती. नवरा मागेच गेलेला, घरी खाणारी तीन तोंडे, आणि नोकरी जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होते. तिच्या तोंडाकडे मला बघवेना, म्हणून मी वहीकडे बघितले.

मुक्ताबाईंनी हिंदुरावांच्याच आजाराचा तक्ता टेबलावर ठेवला. "दर दहा मिनिटांनी पाणी प्याले, असं लिहिलंय. कोणाच्या हातचं, असा रकानाच यात नाही."

समिती विचारात पडली. मायाक्काने पाणी दिले म्हणावे, तर ते हिंदुराव प्याले असे होते. हिंदुराव प्याले नाहीत म्हणावे, तर ते समोर बसले होते. अखेर एकमताने ठरले की पाणी प्यायले गेले, परंतु दिले कोणीच नाही. मायाक्का सुटली. मात्र यापुढे तक्त्यात 'कोणाच्या हातचे' हा रकाना असावा आणि त्यात नियमबाह्य हात आढळल्यास दोघींनाही काढावे, असा ठराव झाला. दोनशे तक्त्यांवर तो रकाना मी तांबड्या शाईने आखला. एकही रेघ वाकडी गेली नाही.

साथ अजून होतीच. पहिला नवा तक्ता आला तो बजाबाई नावाच्या म्हातारीचा. म्हातारी बरी होऊन आपल्या पायांनी घरी गेली होती आणि तांबड्या रकान्यात मुक्ताबाईंच्या अक्षरात एकच शब्द होता: 'माणसाच्या'. दुसऱ्या तक्त्यावर तोच. पुढच्या चाळीसांवरही तोच.

'माहिती अपुरी' असा शेरा मारून मी ते सगळे समितीकडे पाठवले. समितीने तपशील मागवला आहे. तो येईपर्यंत मायाक्काला काढता येत नाही आणि पाणीही थांबवता येत नाही. भांडे पुन्हा या हातातून त्या हातात जाऊ लागले आहे, आणि खडूचा चौकोन मायाक्कानेच पुसून टाकला आहे. (तिचे कामच ते.)

तपशिलासाठी मी आता वाचकांकडेच आलो आहे. या सबंध हकिकतीत मी कोणाचीच जात लिहिलेली नाही. हवे तर तपासून पाहा. तरीही तुमचा रकाना केव्हाच भरून झालेला आहे, तोही न आखता. खाली तेवढी सही करावी.