म्हसावद अर्ध्या तासात

मुलीला सांगून आलेल्या स्थळाला बाप काय काय विचारतो, हे तुम्हांआम्हांला ठाऊक आहे. जमीन किती, विहिरीला पाणी किती, मुलाला विडीकाडीचा नाद आहे का. आमचे शेजारी सुकदेवनाना यातलं काही म्हणजे काही विचारत नसत. पाहुण्यांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला की मांडी घालून बसायचे आणि एकच प्रश्न टाकायचे, "तुमनं गाव आठून सायकलवर कितला मिनिटनं शे?"

पाहुणे बिचारे खरं सांगायचे. तास लागतो, दीड तास लागतो. की नानांचे हात जोडलेले. "मंग जमत नही, पाहुना. चहा पीसनी जा."

कारण विचारलं तर ते अगदी शांतपणे सांगत. रशिया-अमेरिकेचा बाँब निघाल्यापासून डोक्यावर येईपर्यंत अर्धा तास लागतो. तेवढ्यात बाप मुलीपाशी पोहोचला पाहिजे. पाहुणे चहा अर्धा टाकून उठत.

या वेडाचं पाप माझ्याच माथी आहे. सन साठच्या आसपास मी नाशकाकडून शहाद्याच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि नानांच्या शेजारी बिऱ्हाड केलं. नाना कापसाच्या जिनात बॉयलरवर होते. जिनाचा भोंगा, दुपारी बाराचा जेवणाचा आणि पाळी सुटल्याचा, तेच वाजवत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटी मुलगी हिरा. दुपारच्या मोटारीनं धुळ्याहून वर्तमानपत्र आलं की नाना माझ्या ओट्यावर येऊन बसत आणि मी मोठ्यानं वाचत असे. एक दिवस मी वाचलं, की आता असे अग्निबाण निघालेत जे पृथ्वीच्या या टोकाहून त्या टोकाला अर्ध्या तासात जातात.

नानांच्या हातातली तंबाखू हातातच राहिली. "मधमा कोठे थांबस नही?"

"नाही."

"दोंडाईचाले बी नही?"

"नाना, तो आकाशातून जातो."

"आनि आपली मोटार! अर्धा तास तं ती नुसती सुरू व्हवाले लेस!" त्या दिवशी नाना बाँबवर नाही, मोटारीवर चिडले होते. मला वाटलं, विषय संपला. मी माणसं ओळखण्यात पहिल्यापासून कच्चा.

दुसऱ्या दिवसापासून नाना अर्ध्या तासात काय काय होतं, ते मोजायला लागले. तुरीची डाळ शिजत नाही. गुळाच्या चहाचे चार कप होतात. न्हाव्याला त्यांनी घड्याळ दाखवून बसवलं. तो गप्पिष्ट निघाला आणि नाना वेळ झाली म्हणून एका गालावर साबण घेऊन उठले, तसेच जिनात गेले. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो, शहाद्यावर कोण कशाला बाँब टाकेल?"

नानांना ते फार लागलं. "का? शहादा काय कमी शे का? कापूस दखा आमना, केयीना बाग दखा!" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग मी वाचलं की येणाऱ्या बाणाला दुसऱ्या बाणानं वरच्या वर पाडायचा विचार मोठे देश करताहेत. नाना म्हणाले, याची परीक्षा आपण घेऊ. गोमाई नदीपलीकडे ज्वारी हुरड्यात आली होती आणि पाखरं राखायला माळ्यांवर राखणदार बसलेले. नानांनी दोन नामांकित गोफणवाले शेताच्या दोन टोकांना उभे केले. एकानं दगड सोडायचा, दुसऱ्यानं तो हवेत पाडायचा. सकाळभर दगड सणाणत होते. दगडाला दगड एकदाही लागला नाही. एक लागला तो माझ्या छत्रीला, तेही मी लांब बाभळीखाली उभा असताना. नाना छत्रीच्या भोकातून आभाळाकडे बघत म्हणाले, "दगडले दगड लागस नही, गुरुजी. पेपरवाला काही बी लिखो."

राहता राहिला इशारा. एका मंगळवारी सकाळी दहाला नानांनी गावाला न सांगता जिनाचा भोंगा लांबच लांब वाजवला आणि कोण कुठे पळतं ते बघायला छपरावर चढले. कोणी पळालं नाही. गल्लीतल्या बायकांना वाटलं, आज आपल्यालाच उशीर झाला. त्यांनी घाईघाईनं चुली पेटवल्या. हेडमास्तरांनी आपलं घड्याळ दोन तास पुढे केलं आणि मधल्या सुट्टीची घंटा दिली. जिनाचे शेठ ओरडत बाहेर आले, तेव्हा नाना छपरावरून हताश होऊन सांगत होते, "समदं गाव जेवाले बसी गयं, शेठ! आख्खं गाव!"

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण हिराचं लग्न अडून बसलं होतं. मुलगी हुशार, सातवी पास. अर्ध्या तासाच्या आतलं गाव म्हणजे लोणखेडा, आणि तिथली जमण्यासारखी दोन्ही मुलं एव्हाना बोहल्यावर चढून मोकळी झाली होती. तेवढ्यात म्हसावदचं स्थळ आलं. मुलगा शेतकरी, स्वभावानं गरीब, आणि हिराला तो आवडला होता. तसं तिनं माझ्या बायकोपाशी कबूल केलं होतं. नानांनाही आवडला. फक्त म्हसावद होतं तिथून हलत नव्हतं. मुलाच्या बापानं अक्षय्य तृतीयेची मुदत घालून बजावलं, "आखाजीलोंग जबाब द्या. नहीतं आम्ही दुसरी पोर दखसूत."

तेव्हा नानांनी ठरवलं, की म्हसावदला सायकलवर अर्ध्या तासात पोहोचायचं. वय पन्नाशीचं, पोट बॉयलरसारखं. मी घड्याळ घेऊन मागे दुसऱ्या सायकलवर. पहिल्या खेपेला दीड तास. दुसऱ्या खेपेला ते थेट उसात गेले आणि सायकलसकट बैलगाडीतून परत आले. आखाजीला आठ दिवस उरले असताना त्यांनी जिवाच्या आकांतानं पायडल मारलं, आणि तरी एक तास पाच मिनिटं लागली. रस्त्याच्या कडेला घामानं बंडी भिजवून ते धापा टाकत बसले. माझा संयम सुटला.

"नाना, पोरीचं वाटोळं करताय तुम्ही! आणि कशासाठी? अर्धा तास! एवढ्याशा वेळात माणूस करणार काय?"

"एवढासा?" नाना माझ्याकडे बघतच राहिले. "गुरुजी, अर्धा तास म्हंजे भलता येळ शे. हिरानी माय गयी तव्हय मी बॉयलरवर व्हतू. घर पाच मिनिटवर. माले कोनी सांगालेच उनं नही. कामनी पायी सुटनी, भोंगा वाजाडा, घर उनू, तं तिले आंगनमा ठेयेल व्हतं." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "माले मन्हा लोकेसनी पाच मिनिट दिन्हात नहीत. आनि हाऊ परका बाँब अर्धा तास देस."

इतकी वर्षं मी या माणसाला हसत होतो, याची लाज वाटली. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती माझ्यासारखी गप्प बसणारी नव्हे. तिनं तडक जाऊन हिराला सांगितलं.

संध्याकाळी नाना आमच्या ओट्यावर बसले असताना हिरा आली. बापासमोर उभी राहून म्हणाली, "आबा, तुम्ही एकलाच का बरं येतस? मी काय तठे बसीसन ऱ्हासू का? बाँबनी खबर उनी का तुम्ही आठून निंघा, मी तठून निंघसू. वाटमा भेटसूत."

नाना माझ्याकडे वळले. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांचं गणित मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. पण त्याचा कुणाला कधी उपयोग होईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी हिशेब केला. "साडेबत्तीस मिनिटं."

"वरना अडीच मिनिट मन्हाकडे," हिरा म्हणाली. "मी जवान शे."

तिनं पेटीतलं आईचं लुगडं काढलं, काष्टा मारून नेसली आणि शाळेच्या मैदानात सायकल शिकली. मागे कॅरियर धरून मी. गावानं तोंडात बोटं घातली. म्हसावदचे व्याही तर उसळलेच. "आम्हाले सून पाहिजे, टपालवाला नही!" पण मुलानं बापाकडे न बघता आपली सायकल हिरासाठी देऊ केली, आणि तिथे माझ्या मनात म्हसावद पास झालं.

नानांनी मुदतीत होकार कळवला, व्याहीही नरमले आणि आखाजीनंतर लग्न झालं. पुढच्या रविवारी रंगीत तालीम ठरली. ठरल्या वेळी हिरा तिकडून निघणार, नाना इकडून. मी घड्याळ घेऊन होतोच. नाना रस्ताभर पुटपुटत होते, मी समजलो, हिराच्या आईला सांगायचं राहून गेलेलं काहीतरी ते आता लेकीसाठी घोकताहेत. केळीच्या एका बागेपाशी, बांधावर, हिरा बसलेली दिसली. आमच्या आधी पोहोचली होती. कपाळावर घाम, कडेला आडवी सायकल. मी ओरडलो, "एकोणतीस!"

नाना सायकलवरून उतरले. तिच्यासमोर उभे राहिले. घोकलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे.

"जेवनी का, बेटा?"

"नही. तुम्हीबी नही ना? मी भाकर लई उनू."

तिनं फडकं सोडलं. कळणाची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. दोघं बांधावर बसली. मी थोडा लांब उभा राहून घड्याळाकडे बघत होतो. तिसावं मिनिट गेलं, चाळिसावं गेलं. नानांच्या हिशेबानं जग केव्हाच बुडालं होतं. आणि नाना भाकरीचा तुकडा मोडून लेकीच्या तोंडापाशी धरून म्हणत होते, "ले, आखो एक घास ले. आठ दिनमा कितली बारीक व्हई गयी तू."