प्रमिलामावशींच्या गोळ्या

वस्तूवर छापलेली किंमत ही सूचना असते, हुकूम नसतो, असं प्रमिलामावशींचं ठाम मत आहे. त्यामुळे "यात काही कमी होईल का?" हा प्रश्न त्यांनी विचारला नाही असं दुकान परळ ते दादर या पट्ट्यात सापडायचं नाही. हिंदमाताला साडी घेताना सगळेच विचारतात. मावशी पोस्टात तिकिटं घेतानाही विचारतात. एकदा माझ्यासमोर त्यांनी बसच्या कंडक्टरला विचारलं, "दोघी आहोत, दोन स्टॉपवर उतरणार, बघ जरा काही." कंडक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"विचारलं म्हणून जीभ झिजत नाही," खाली उतरल्यावर मावशी म्हणाल्या. "दहातला एक तरी देतोच."

चाळ पाडून टॉवर झाला तेव्हापासून मावशी माझ्या समोरच्या दारात राहतात. सत्तरी गाठलेली, काटक अंग, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली नातेवाईकांनी टाकून दिलेले स्पोर्ट्स शूज. नोकरी टेलिफोन खात्यात झाली, ट्रंक ऑपरेटर म्हणून. त्या काळी नागपूरला लाइन जोडायची तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. पुढे लाइनी सुधारल्या, मोबाइल आले, मावशी रिटायर झाल्या. आवाज मात्र अजून नागपूरपर्यंत जातो. घरात मुलगा मिलिंद आणि सून स्नेहल. मिलिंद इलेक्ट्रिकल सुपरवायझर, सकाळी जातो तो रात्री येतो. स्नेहल अगदी हळू बोलते. एवढ्या आवाजाच्या घरात ते बरंही दिसतं.

मावशींच्या भाव करण्याइतकीच प्रसिद्ध गोष्ट म्हणजे त्यांच्या हार्मोनच्या गोळ्या.

बायका या गोष्टी कुजबुजत बोलतात. मावशी लिफ्टमध्ये बोलतात. "आज हार्मोनच्या गोळ्या आणायला चाललेय. लालबागला स्वस्त आहेत. कुणाला काही आणायचंय?" लिफ्टमधले पुरुष एकदम वर, मजल्याचे आकडे बघायला लागतात. पाचव्या मजल्यावरच्या एकीने चेष्टा केली, "मावशी, या वयात हार्मोन? हिरॉईन व्हायचंय का आता?"

"का नको?" मावशी म्हणाल्या. "म्हाताऱ्या हिरॉईनी लागत नाहीत का कुणाला?"

सगळे हसले. मावशीही हसल्या. इमारतीत त्यांचं नावच 'हार्मोनमावशी' पडलं आणि त्यांनी ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवलं.

मग माझी पाळी आली. म्हणजे गेली. पन्नाशी ओलांडली आणि ऑफिसात एसीखाली बसून मी घामाने निथळायला लागले. रात्र रात्र झोप नाही. आमच्या ह्यांनी एकदा "पंखा वाढवू का?" एवढंच विचारलं, तर मी ढसाढसा रडले. डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि त्वचेला लावायचं जेल आणि रात्री घ्यायची कॅप्सूल लिहून दिली. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात बिल बघून मला तिथल्या तिथे आणखी एकदा घाम फुटला.

पिशवी घेऊन लिफ्टमधून बाहेर पडले तर समोर मावशी. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं. परवानगी वगैरे त्या मागत नाहीत.

"छापील भावाने घेतलंस?" त्यांनी असं विचारलं, जसं काही मी घर गहाण टाकून आले होते.

"औषधात कुठे भाव करायचा, मावशी?"

"औषधातच करायचा. भाजी एक दिवस नाही घेतली तर चालतं. चल."

दुसऱ्या दिवशी मला त्यांच्याबरोबर निघावं लागलं. आधी डॉक्टरबाईंकडे. मावशींनी माझ्यासाठी स्वतःच बोलायला सुरुवात केली. "मॅडम, कंपनीचं नाव नको, औषधाचं खरं नाव लिहून द्या. तेच औषध, तेवढंच प्रमाण, कंपनी साधी. चालेल ना?" डॉक्टरबाई हसल्या. कॅप्सूल दुसऱ्या कंपनीची चालेल म्हणाल्या, जेल मात्र आत्ता आहे तेच ठेवा, तीन महिन्यांनी बघू, म्हणाल्या. मी सहज विचारलं, कॅप्सूल एक दिवसाआड घेतली तर? डॉक्टरबाईंच्या आधी मावशीच कडाडल्या, "ते अजिबात नाही! भावात काटछाट करायची, डोसात नाही!"

मग आमची यात्रा सुरू झाली. पहिल्या दुकानात गर्दी होती. मी काउंटरच्या कोपऱ्यात कागद हळूच पुढे सरकवला. मावशींनी तो उचलला आणि नागपूरच्या आवाजात वाचला. "पाळी गेल्यानंतर बायका घेतात त्या कॅप्सूल. तुमच्याकडे कुठल्या कुठल्या कंपनीच्या आहेत? सगळ्या काढा. भाव बघून घेणार."

माझ्या शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या गृहस्थांचा खोकला थांबला.

दुकानदाराने घाईघाईने एक पाकीट काळ्या पिशवीत घातलं. मावशींनी ते बाहेर काढून काउंटरवर ठेवलं. "काळी पिशवी कशाला? मी काय दारू घेतली का? उघडं दे. आणि यात काही कमी होईल का?"

तिथे झालं नाही. दुसऱ्या दुकानात थोडं झालं. तिसरं लालबागचं जेनेरिक दुकान, तिथे तेच औषध इतकं स्वस्त निघालं की मला संशय आला. मावशींनी पाकिटावरचं नाव डॉक्टरांच्या कागदाशी एकेक अक्षर जुळवून बघायला लावलं, तारीख बघायला लावली, पक्कं बिल घेतलं. मग स्वतःच्या गोळ्या घेतल्या आणि त्यांचं बिल मात्र दुकानाबाहेर आल्या आल्या बारीक फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"बिल का फाडलं?"

"घरात कागद फार झालेत," मावशी म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

तीन महिन्यांत मी माणसात आले. झोप लागायला लागली. पुन्हा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाईंना कौतुकाने म्हटलं, "माझ्याबरोबर आल्या होत्या ना, त्या मावशी सत्तरीच्या आहेत. त्याही गोळ्या घेतात, म्हणून एवढ्या टुणटुणीत आहेत."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून घेतायत?"

"दोनेक वर्षं झाली असतील."

"म्हणजे सत्तरीला टेकल्यावर सुरू केल्या? या वयात आम्ही सहसा नव्याने सुरू करत नाही. रक्ताच्या गाठीचा, पॅरालिसिसचा धोका असतो. कुणी दिल्या त्यांना? त्यांना माझ्याकडे घेऊन या. उद्याच आणा."

घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर नाही नाही ते आलं. स्वस्त मिळतं म्हणून या बाई स्वतःच्या मनाने गिळतायत की काय? मी चपलाही न काढता समोरची बेल वाजवली. मावशी एकट्याच होत्या, मटार सोलत बसल्या होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी आधी उडवून लावलं. "तुझी डॉक्टरीण अजून पोर आहे." मी हटले नाही. "मावशी, उद्या तुम्ही माझ्याबरोबर येताय. नाहीतर मी आज मिलिंदला सांगते."

मिलिंदचं नाव काढल्यावर त्यांनी मटाराची परात बाजूला ठेवली. उठून दार लावलं. आणि मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलल्या.

"त्या माझ्या नाहीत गं. स्नेहलच्या आहेत."

मला क्षणभर कळलंच नाही.

"लग्नाला दोन वर्षं झाली आणि तिची पाळी थांबली. एकतिसाव्या वर्षी. आम्हाला वाटलं गोड बातमी. पेढे आणायला मिलिंद खाली उतरायचा बाकी होता. डॉक्टर म्हणाले, बीजकोषांनी काम थांबवलंय. काहींचं होतं असं लवकर. हाडं, हृदय सांभाळायचं तर पन्नाशीपर्यंत गोळ्या घ्याव्या लागतील."

"आणि मूल?"

"अवघड आहे म्हणाले. मग या पोरीने काय करावं? एक दिवस औषधाचं बिल बघितलं आणि गोळ्या बंद केल्या. कुणाला न सांगता. दीड महिना नुसती सुकत चालली. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, आई, माझा घराला काही उपयोग नाही, वर एवढा खर्च कशाला." मावशींनी परातीतला एक मटार उचलला आणि परत ठेवला. "मिलिंद कमावतो, माझी पेन्शन आहे. परवडत नाही असं नव्हतं. पण तिच्या मनातून ते बिल जाईना. म्हटलं ठीक आहे, आता औषध मी आणणार, इतकं स्वस्त आणणार की तुझ्या तोंडून परत खर्चाचा शब्द निघता कामा नये. आणि बिल तुला दिसणार नाही."

"पण मग लिफ्टमध्ये, दुकानात, सगळीकडे तुमच्या म्हणून?"

"पाकिटं कुणाच्या ना कुणाच्या नजरेला पडणारच. आमचे नातेवाईक काय कमी चौकस आहेत? हिच्या गोळ्या कसल्या, ही का घेते, सुरू झालं असतं. म्हटलं आधीच बोंब मारून ठेवू. म्हातारी हार्मोन घेते म्हणून लोक हसतील. हसू देत. दोन मिनिटं हसतात आणि विसरतात. तिच्याबद्दल बोलायला लागले असते तर विसरले असते का?"

मी मटार सोलायला बसले.

पुढच्याच महिन्यात मावशींच्या पुतण्याच्या मुलीचं नामकरण होतं, वडाळ्याला. मलाही आग्रहाने नेलं. छोटा हॉल, पांढऱ्या साड्या, फुलांनी सजवलेली बुद्धमूर्ती. वंदना झाली, बाळाचं नाव ठेवलं, टाळ्या वाजल्या. जेवणाच्या पंगतीत मावशींच्या नणंदबाई समोर बसल्या होत्या. सगळे त्यांना आत्या म्हणतात. वाईट नव्हत्या, पण जिभेला कुलूप नव्हतं. जिलेबी वाढणाऱ्या स्नेहलला त्यांनी थांबवलं.

"काय गं, तुमच्याकडे कधी बोलावणार आम्हाला नामकरणाला?"

स्नेहलच्या हातातला चिमटा तसाच राहिला. मावशींनी लगेच सूत्रं हातात घेतली. "अहो वन्स, माझ्या हार्मोनचं ऐकलंत का? आता नवीन कंपनीच्या घेतेय. निम्म्या भावात!"

बायका खुदखुदल्या. आत्या तर मोठ्याने हसल्या. "बघा बाई! सासूला म्हातारपणी तारुण्य हवंय आणि सुनेच्या गोड बातमीचा अजून पत्ता नाही. वहिनी, त्यातल्या दोन गोळ्या सुनेला द्या की!"

हसण्याची एक लाटच आली पंगतीत. मावशीही हसत होत्या, सगळ्यांत मोठ्याने.

स्नेहलने जिलेबीचं ताट खाली ठेवलं.

"आत्या," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच, पण ऐकू सगळ्यांना गेला. "त्या गोळ्या आईंच्या नाहीत. माझ्याच आहेत. डॉक्टरांनी मला दिल्यात. मला मूल होईल की नाही माहीत नाही. विचारायचं ते मला विचारा. आईंना हसू नका."

दूर बाळ रडायला लागलं आणि कुणीतरी उगाच "भात आणा, भात" म्हणालं. आत्यांचा चेहरा पार उतरला. त्यांनी स्नेहलचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं, स्वतःच्या ताटातली जिलेबी उचलून तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "तू पण जेव. केव्हाची वाढतेयस."

परत येताना टॅक्सीत मावशी एक अक्षर बोलल्या नाहीत. टॅक्सीवाल्याने सांगितले तेवढे पैसे मिलिंदने दिले, त्यावरही नाही. संध्याकाळी माझी बेल वाजली. मावशी सरळ स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसल्या. मी चहा ठेवला.

"मी रागावले तिच्यावर," त्या म्हणाल्या. "म्हटलं कशाला बोललीस? एवढी दोन वर्षं मी झाकून ठेवलं. तर म्हणते, आई, मला तुमच्या मागे लपायचं नव्हतं, पण बोलायचं कसं ते कळत नव्हतं."

चहा उकळला. मी कप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो नुसता धरून ठेवला.

"माझी पिशवी काढली ना, तेव्हा मी पस्तिशीची होते. मिलिंद लहान होता. सगळंच काढलं आतलं. पुढे काय होतं ते कुणी सांगितलंच नाही. ड्युटीवर अंगातून नुसत्या वाफा निघायच्या. रात्री उठून मोरीत जाऊन बसायची, थंड फरशीवर. घरात तोंड टाकायची सगळ्यांवर. सासूबाई म्हणायच्या, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मिलिंदचे बाबा भला माणूस, पण तेही लांब लांब राहायला लागले. मलाही वाटायचं, झालाच असेल परिणाम. कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं. स्नेहलच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, घाम येईल, झोप जाईल, चिडचिड होईल, ते सगळं याचंच आहे, तेव्हा मी बाजूला बसून ऐकत होते. त्या खोलीतच रडू येत होतं मला. पण तिथे तिची तपासणी चालली होती."

एवढं सांगून त्या रडल्या. आवाज न करता, कप हातात तसाच धरून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि उभी राहिले.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. स्नेहल उंबऱ्यात उभी होती. आत आली नाही. "आई, ताटं घेतलीत," एवढंच म्हणाली आणि तिथेच थांबून राहिली.

मावशींनी पदराने तोंड पुसलं, गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"जाते बाई," त्या मला तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "ही माझ्याशिवाय जेवत नाही."