कोपरा फाटलेली तार

मोताळ्याच्या डाकघरातले पोस्टमन तुळशीराम यांनी बावीस वर्षांच्या नोकरीत सरकारी टपालाला कधी नख लावलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते कोरड्या नाल्याच्या काठी टेकले, मागेपुढे पाहून घेतलं आणि तारेच्या एका बंद पाकिटाचा कोपरा त्यांनी टरकन फाडला. फाडलेला तुकडा वाऱ्यावर गेला. तो कुठे गेला हे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

तार धामणगाव बढ्याच्या उकंडराव पाटलांच्या नावची होती. आली होती कलकत्त्याहून, आणि पाटलांचा एकुलता एक मुलगा कडूबा तिकडेच, ब्रह्मदेशाच्या लढाईत, लढाऊ विमान चालवत होता. एवढं कळल्यावर आतला मजकूर वाचायला इंग्रजी कशाला यायला हवं? लढाई सुरू झाल्यापासून तुळशीरामांनी या भागात चार तारा पोचवल्या होत्या, आणि चारही घरांतून त्यांच्या पाठीवर एकच आक्रोश आला होता.

मरणाच्या चिठ्ठीचा कोपरा फाडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. फाटका कोपरा दिसला की घरचे उंबऱ्याबाहेर येतात, चिठ्ठी बाहेरच वाचतात आणि तिथेच फाडून टाकतात. मनाची थोडी तयारी होते. सरकारला एवढी रीतभात कुठली? ते आपलं कोरं करकरीत पाकीट पाठवून देतं. मागच्या वर्षी एका म्हाताऱ्यानं पोराला बढती मिळाली असं समजून असलं पाकीट देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि मग मास्तरांना वाचायला बोलावलं. ते काही तुळशीरामांच्या मनातून जात नव्हतं.

त्यात ही तार कडूबाच्या आईच्या, झुंबरबाईंच्या घरची. पाटलीणबाईंची पहिली तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. चौथ्याचं नाव म्हणून कडूबा ठेवलं. मरणानं तोंडात घेतलं तरी कडू लागून थुंकून टाकावं. सव्वीस वर्षं त्या नावानं काम केलं होतं. आता त्या माउलीच्या हातात चौकोनी कोरं पाकीट द्यायचं तुळशीरामांच्या जिवावर आलं, आणि सरकारी गुन्हा घडला.

गुन्हा घडला की साक्षीदार लागतोच. मागून दमणी आली आणि तिच्यात झुंबरबाईंची जाऊ रुखमाबाई बसलेली. "काय व तुळशीरामभाऊ, आमच्या घरचं काही हाये का?" तिनं विचारलं. तुळशीरामांनी घाईघाईनं पाकीट थैलीत कोंबलं, पण नेमका फाटका कोपरा बाहेर राहिला. रुखमाबाईनं कोपरा पाहिला, मग तुळशीरामांचं तोंड पाहिलं. ती गाडीवानाला म्हणाली, "बैलं पळव."

दमणी दिसेनाशी झाली आणि रस्त्यावर कुणीच उरलं नाही. मे महिना संपत आला होता. अशा उन्हात पाखरूही बाहेर पडत नाही. पुढे टाकळीची रिठी लागणार होती. रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. प्लेगच्या साली टाकळीतलं शेवटचं माणूस गेलं, तेव्हापासून तिथे नुसत्या भिंती, एक विहीर आणि बिनछपराचा मारुती. तुळशीराम रोज तिथून खाली मान घालून, रामनाम घेत झपाझप जात. रात्रीचं सोडा, पण ऐन दुपारी रिठीत आवाज येतात असं सगळेच सांगत. बावीस वर्षांत तुळशीरामांना काही ऐकू आलं नव्हतं.

त्या दिवशी आलं. मारुतीच्या पडक्या भिंतीआडून दोन पुरुष अगदी निवांत बोलत होते.

"मी पयल्यांदा पडलो तं समुद्रात," एक म्हणाला. "दुसऱ्यांदा जंगलात. तू एकदाच पडला बे, अन् किती सांगतं."

"मी जळत पडलो," दुसरा म्हणाला. त्याची भाषा शहरी होती. "पायाखालून पेट घेतला. फरक आहे."

"दुखलं का?"

"तेव्हा नाही. तेव्हा फक्त जमीन वर येताना दिसते. फार शांत वाटतं, कडूबा."

तुळशीरामांचे पाय जागीच रुतले. पळावं असं फार वाटत होतं, पण पायांना ते कळवायचं कसं हे सुचेना.

"आपण बारा जण होतो," पहिला आवाज म्हणाला. "सरदार गेला. तो मद्रासवाला गेला. त्याची खाट अजून तशीच हाये. त्याच्या घरून आलेली पत्रं कोणं ठेवली?"

"मी. त्यांच्यावरची तिकिटं माझ्या वहीत लावली. वही भरत आली आता. मेलेल्यांच्या तिकिटांची वेगळी पानं करावी लागली."

"माहा छंद बरा. हवाई छत्रीच्या रेशमी दोऱ्या मिळतात, त्याच्या येसणी वळतो. पोळ्याले आमच्या बैलांच्या नाकात आकाशातून पडलेली दोरी राहीन."

भिंतीच्या खिंडारातून तुळशीरामांनी एक डोळा आत घातला. ओट्यावर दोघं खाकी कपड्यात मांडी घालून बसले होते. एकाला ते नीट ओळखत होते: उकंडरावांचं नाक, कपाळावर लहानपणी बैलानं मारल्याची खूण. दोघांची तोंडं भिंतीकडे होती आणि ओट्याखाली चार काळे बूट होते, चारही टाचा पुढे. भुताचे पाय उलटे असतात हे तुळशीरामांना कुणी सांगायची गरज नव्हती. बूट पायांतून काढून नुसते उलटे ठेवलेले असू शकतात, हा विचार सुचायला माणसाला थोडी सावली लागते.

"तुळशीरामकाका?" कडूबा उठून उभा राहिला. "तुमीच नं? तंबाखू असंल तं काढा. चार महिने झाले, गावची तंबाखू नाही पाह्यली."

वाटसरूला नावानं हाक मारून कोण तंबाखू मागतं, हेही या भागात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. नाही म्हणायचं नसतं. तुळशीरामांनी चंची दूरवरून ओट्यावर टाकली.

"घरी काही डाक हाये का आमच्या?" बूट चढवता चढवता कडूबानं विचारलं.

"न... नाही," तुळशीराम म्हणाले. नोकरीतलं हे त्यांचं पहिलं खोटं. पण मेलेल्याच्या हातात त्याच्याच मरणाची तार द्यायची कशी? नियमांच्या पुस्तकात तसं काही नव्हतं.

"मंग चाला. आमी घरीच जाऊन राह्यलो. हा माहा दोस्त, रमाकांत, चिखलीचा. आमी दोघं संगंच असतो."

संगंच गेले असतील, तुळशीरामांच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी पुढचं सुचलं. गेलेला मुलगा घरी परततो तो आईला न्यायला. झुंबरबाई दारात उभी राहील, हा हाक मारील, ती ओ देईल, आणि संपलं. तिला वाचवायला या रस्त्यावर एकटे तुळशीराम होते. त्यांना स्वतःची फार कीव आली. पण त्यांनी थैली खांद्यावर घेतली आणि दोघांच्या पुढे होऊन धामणगावकडे पाठ केली.

"काका, रस्ता चुकून राह्यले तुमी," कडूबा मागून म्हणाला.

"इकडून जवळ पडते."

"इकडून तं मोताळा येते."

तुळशीराम निमूटपणे वळले. भूत असो की माणूस, पाटलाच्या पोराला शिवारातला रस्ता कोण चुकवणार? दोघे मागून गप्पा मारत येत होते. कडूबा हरिकेन विमानाची बाजू घेत होता. म्हणे ते आपल्या म्हशीसारखं आहे, किती गोळ्या लागल्या तरी गोठ्यात येतं. रमाकांतला स्पिटफायर हवं होतं. मग लढाई संपल्यावर काय करायचं हा विषय निघाला. वडील रेकॉर्ड कीपर आहेत, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवतील, असं रमाकांत म्हणाला. "सगळी फाईल. खिडकीसुद्धा नाही. तिथे मी खरा मरेन."

हे ऐकून तुळशीरामांनी न राहवून मागे पाहिलं आणि त्यांची नजर जमिनीवर गेली. सूर्य बरोबर डोक्यावर होता. मागून दोन तरणेबांड पुरुष चालत येत होते आणि दोघांनाही सावली नव्हती. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, काहीच नाही. पांढऱ्या धुळीत नुसते चार बूट चालत होते.

मे अखेरीला दोन-तीन दिवस आपल्याकडे ऐन माध्यान्ही सावली पायातळी गुडूप होते. शेतकऱ्याला हे माहीत असतं, पण तो त्या वेळी झाडाखाली झोपलेला असतो. तुळशीरामांनी घाबरून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिथेही काही नव्हतं.

तुळशीराम थांबले. रिठीपाशी पाय रुतले होते, छातीत काहीतरी झालं होतं, मग एकदम हलकं वाटलं होतं. आता सगळं जुळलं. कमाल अशी की त्यांची भीती पार गेली. आता कोणाला भ्यायचं? ते दोघांच्या मध्ये येऊन चालू लागले आणि घरच्यासारखं विचारलं, "कडूबा, तुले तरी पडल्याचं याद हाये. मले तं काहीच आठवत नाही. मी कसा मेलो?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काका, पाणी प्या," कडूबा हळूच म्हणाला.

"आता पाण्याचं काय काम? फक्त एक करजो बापा, मायले नोको नेऊ. माहा जीव घेतला तेवढा पुरे."

"ऊन लागलंय," रमाकांत म्हणाला. दोघांनी आपल्या पाण्याच्या बाटल्या तुळशीरामांच्या डोक्यावर रिकाम्या केल्या आणि दोन्ही बखोट्यांना धरून त्यांना उचललं. तुळशीराम आनंदानं तरंगत गेले. मेल्यावर चालावं लागत नाही, हे त्यांनी ऐकलंच होतं.

पाटलांच्या दारात तोवर अर्धं गाव गोळा झालं होतं. रुखमाबाईनं आल्याआल्याच हंबरडा फोडला होता. उकंडराव खांबाला टेकून बसले होते, मधोमध झुंबरबाई होत्या. त्या रडत नव्हत्या. अंगणात खाकी कपडे दिसले, दोघांच्या मध्ये लोंबकळणारे, चिंब भिजलेले तुळशीराम दिसले, आणि रडणं एकदम बंद पडलं. मग माणसं जिकडे वाट दिसेल तिकडे पळाली. रुखमाबाई कोठीत शिरली आणि आतून कडी लावली. उकंडरावांनी खांब धरला तो सोडेचनात.

"पुढे नोको येऊ, पाटलीणबाई," तुळशीराम कळवळून ओरडले. "तुले न्यायले आला तो."

झुंबरबाई उठल्या. संथपणे पायऱ्या उतरल्या, कडूबासमोर उभ्या राहिल्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे खूप वेळ बघत राहिल्या.

"जिता हायेस का मेला, ते मंग पाहू," त्या म्हणाल्या. "मेला असशीन तरी माहाच हायेस. भाकर केलेली हाये. पाय धू."

कडूबाला काही समजेना. "माय, काय झालं व? गाडी काऊन नाही धाडली फाट्यावर? मी तं तार केलती. वाट पाहू पाहू त्या रिठीत बसलो."

तार हा शब्द ऐकून पळालेली माणसं कुंपणाआडून परत डोकावली. मग सगळ्यांच्या नजरा तुळशीरामांच्या थैलीकडे वळल्या, आणि त्या नजरांवरून तुळशीरामांना कळलं की आपण सगळ्यांना दिसतोय. म्हणजे जिवंत आहोत. एका दिवसात त्यांना बसलेला हा सगळ्यात मोठा धक्का होता. त्यांनी पाकीट काढून दिलं.

कडूबानं स्वतःचीच तार मोठ्यानं वाचली: रजा मिळाली, गुरुवारी मित्रासह येतोय, फाट्यावर गाडी पाठवा. तार आणि तो एकाच वेळी निघाले होते. सरकारी तार पायी आली असावी. शेवटचा शब्द मात्र नव्हता. खाली जिथे त्याचं नाव होतं, नेमका तोच कोपरा गेला होता.

"कोणं फाडलं हे?" उकंडरावांनी आता खांब सोडला. "सरकारी तार फाडते? मी मलकापूरले जातो. तुही नोकरी घालवतो."

"बसा खाली," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे आत्ता कुठे वाहू लागले होते. "जित्या माणसाच्या मरणाची बोंब उठली का त्याचं आयुष्य वाढते. माह्या लेकाची अर्ध्या गावानं बोंब मारली. यमाच्या वहीतून नाव फाडून आणलं ह्यानं." त्यांनी आतून नारळ आणला, कुंकू आणलं आणि ओल्या, ओशाळलेल्या तुळशीरामांना सगळ्यांदेखत मानाची नवी टोपी घातली.

रमाकांत त्या दिवशी पोटभर हसला. जेवताना हसला, आंब्याचा रस वाढताना हसला. शिकलेला माणूस, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणार थोडाच? तिसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर तुळशीराम डाक घेऊन परत निघाले तेव्हा तो एकटाच त्यांच्यासोबत शिवेपर्यंत चालत आला. तिथे त्यानं खिशातून एक कार्ड काढलं.

"चिखलीला, माझ्या बहिणीला. प्रतिमाला. पुढच्या रविवारी घरी येतो एवढंच लिहिलंय." त्यानं कार्ड उलटंसुलटं केलं. "दहा तारखेला आम्ही दोघं परत जातोय. कडूबाचं तर झालं. बारातले आम्ही दोघंच उरलोत, तुळशीराम."

तुळशीरामांच्या लक्षात आलं. "साहेब, गुन्हा हाये तो. पोरगी पाहताक्षणी घाबरून बोंब मारीन."

"मारू द्या. बोंब तर उठली पाहिजे ना."

"मंग तुमीच फाडा. कार्ड तुमचं हाये."

"आपल्या हातानं लागू पडत नाही म्हणे. मी विचारलं झुंबरबाईंना." तो दुसरीकडे बघत होता. कान लाल झाले होते. पोर फार तर चोवीस वर्षांचं असेल.

तुळशीरामांनी खाली पाहिलं. उतरत्या उन्हात त्याची सावली रस्त्याच्या पार पलीकडे, कपाशीच्या रिकाम्या रानापर्यंत गेली होती. त्यांनी मागेपुढे पाहून घेतलं. मग कार्ड हातात घेतलं, तोंडातल्या तोंडात रामनाम म्हटलं आणि कोपरा फाडला. जरा मोठाच फाडला.