सुंदराक्काचे प्रश्न

माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, अक्षरही कोंबडीच्या पायासारखं आहे, त्याबद्दल माफी असावी. पण सुंदराक्काविषयी कुठेतरी लिहून ठेवायचं आहे.

अक्काच्या हातात काहीही द्या, आधी ती ते अंगठा आणि बोटात धरून चोळते. केळीचं पान, डोसा, बँकेचं पासबुक. टी. नगरच्या दुकानात एकतीस वर्षं उभं राहून साड्या दाखवल्या, त्याची ही सवय. मी त्याच दुकानात विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालते. ती तंजावरची मराठी, निम्मं बोलणं तमिळ. मी लग्न होऊन सांगलीकडून इकडे तमिळ मुलखात आलेली. तमिळ मला समजतं, पण परक्यासमोर तोंड उघडत नाही.

माझ्या डाव्या पोटरीवर शिरांच्या गाठी आल्या होत्या. घोट्याजवळची कातडी काळी पडली, तेव्हा अक्कानं मला डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, असंच राहिलं तर जखम होईल, उभं राहायचं काम सोडावं लागेल. शिरेत फेसाचं इंजेक्शन देऊ. मी खाली बघून मान हलवली.

"मान काय हलवतेस?" अक्का म्हणाली. "बायका चाळीस साड्या उघडल्याशिवाय एक घेत नाहीत. तू न बघता पाय देऊन मोकळी?"

मग तिनं डॉक्टरांच्या कोटाची बाही चोळली. "कापड मिक्स आहे," मला मराठीत सांगितलं, आणि तमिळमध्ये त्यांना धारेवर धरलं.

"फेस कशाला? नुसतं औषध घाला."

"नुसतं औषध रक्तात मिसळून वाहून जातं, अम्मा. फेस रक्ताला बाजूला सारतो आणि शिरेच्या भिंतीला लागून राहतो."

"भिंत फाटणार नाही ना?"

"नाही. आतलं अस्तर भाजल्यासारखं होतं. भिंत सुजते, आक्रसते, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. शीर बंद."

"अस्तर मुद्दाम खराब करता?"

"मुद्दाम."

"आणि रक्त?"

"दुसऱ्या चांगल्या शिरांतून वर जाईल. ही तर त्याला खालीच सोडत होती. काही महिन्यांत अंग तिला जिरवून टाकेल."

अक्कानं विचार केला. "म्हणजे माल खराब होता, दुकान बंद केलं. सेरी, ठीक आहे. घाला."

पैसे तिनंच भरले. थोडे थोडे दे म्हणाली. शीर काही दिवस दोरीसारखी कडक लागली, तिच्यावर तपकिरी डाग पडला, मग पाय हलका होत गेला. मी घट्ट मोजे घालून पुन्हा घड्यांपाशी उभी राहिले.

पाचवा हप्ता द्यायला मी तांबरमला तिच्या खोलीवर गेले. अक्का साडी वर खोचून पाय पुसत होती. मला बघताच निऱ्या सोडल्या, पण मी पाहिलं होतं. दोन्ही पाय माझ्याहून वाईट. 'फाटणार नाही ना' हे तिनं माझ्यासाठी विचारलं नव्हतं.

"ते पैसे तुमच्या पायांसाठी होते ना, अक्का?"

"तुझी कातडी काळी पडली होती. माझी अजून नाही."

"पण आधी तुमचं करायचं ना."

"तुझ्या घरी दोन पोरी आहेत. मी पडले तर कुणाचा स्वयंपाक राहणार आहे?" असं म्हणून ती कॉफी करायला आत गेली.

हप्ते लवकर फिटावेत म्हणून त्या दिवसापासून मी साड्यांना फॉल लावायचं काम घरी आणायला लागले. अक्कानं हप्ता घेतला की तो मी माझ्यासमोरच तिच्या पायांसाठी वेगळ्या डब्यात ठेवायला लावायची. एवढी दांडगाई मी आयुष्यात कुणाशी केली नव्हती.

गेल्या मंगळवारी तिला टेबलावर झोपवलं. डॉक्टर हसून म्हणाले, "आज काही विचारायचं नाही?" अक्कानं मान हलवली. माझी करंगळी तिनं इतकी घट्ट धरली होती की नख पांढरं पडलं.

मग मीच तमिळमध्ये विचारलं, "त्यांना फार दुखेल का?"

"मुंगी चावल्याइतकं."

मशीनच्या पडद्यावर त्यांनी शीर दाखवली. फेस आत गेला आणि ती आक्रसत गेली. अक्कानं डोळे उघडले नाहीत, मी सगळं बघून घेतलं. अर्ध्या तासानं मोजे घालून ती व्हरांड्यात फेऱ्या मारत होती आणि पुढच्या पेशंटला खुर्चीत नीट बसायला सांगत होती.

काउंटरवर तिनं डब्यातले पैसे काढले. जेवढे कमी पडत होते, तेवढेच माझ्या हप्त्यांचे यायचे राहिले होते. मी ते तिच्या पैशांशेजारी ठेवले. काउंटरवरच्या बाईनं दोन्ही एकत्र मोजले, अक्काच्या नावाची पावती फाडली, आणि माझं देणं फिटलं.