बादलीपेक्षा टाकी मोठी

कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला, की अनू घाईघाईने दूध संपवायची आणि समोरच्या क्वार्टरमध्ये पळायची. इकडे गोपीनाथरावांच्या पोटात दुखायला लागायचं.

भोपाळच्या त्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून जन्म काढला होता. आता मुलगा प्रकाश तिथे होता आणि त्याच्या क्वार्टरमध्ये म्हाताऱ्याकडे एकच खातं उरलं होतं : नातीचा अभ्यास. पाढे म्हणताना अनू त्यांच्या मांडीला टेकून बसायची. मग पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका टेक्निशियनची बायको, वंदना, समोर राहायला आली आणि सगळं बिघडलं. ती आपल्या मुलीला, सुधाला, खेळातूनच शिकवायची. पोळी कापून अपूर्णांक, भाजी निवडताना इंग्रजी, आणि आता तर बादलीत वस्तू टाकून काय बुडतं, काय तरंगतं.

"आजोबा, वंदनाकाकूंकडे लिंबू तरंगलं!"

"आपल्या घरचं लिंबूही तरंगतं, बेटा."

"पण तुम्ही कुठे विचारता, तरंगेल का म्हणून?"

हे फार लागलं. जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. सून सरोज म्हणाली, "बाबा, भाजी तिखट झाली का?"

"भाजी बढिया आहे. बादली केवढी आहे गं तिच्याकडे?"

"कोणाकडे?"

"राहू दे."

बादलीत लिंबू काय, कोणीही तरंगवेल. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा गोपीनाथराव जिन्यातच उभे होते. "अनू, आज आपण गच्चीवरच्या टाकीत तरंगवायचं. त्या सुधालाही बोलाव." वंदनाची पोरगी वंदनाच्याच घरातून आपल्याकडे येणार, या विचाराने त्यांना जिना चढताना धापसुद्धा लागली नाही.

टाकी सगळ्या ब्लॉकची. पिण्याचं पाणी म्हणून त्यांनी प्रत्येक वस्तू घासूनपुसून आणली होती : लिंबू, नारळ, वांगं, एक दणकट आलू आणि निवृत्त होताना कारखान्यातल्या मित्रांनी दिलेला, नाव कोरलेला पितळी तांब्या. सुधा पळत जाऊन घरची स्टीलची वाटी घेऊन आली.

"बोला, आलू काय करेल?"

"तरंगेल!"

"बटाटा बुडतो गं, आईने दाखवलाय!"

आलू बुडाला. वांगं तरंगलं. वाटी होडीसारखी डुलू लागली आणि तांब्याही उभा तरंगला तेव्हा अनूने उडीच मारली. "आजोबा, काकूंकडे एवढं मोठं काही नव्हतं!"

त्या एका वाक्याने गोपीनाथराव अत्तर लावल्यासारखे झाले. त्या भरात त्यांनी तांब्याला टिचकी मारली. तांब्या कलला, घटाघट पाणी प्याला आणि जाताजाता वाटीलाही घेऊन गेला. हात काही तळापर्यंत पोचेना.

"उद्या आकडा आणून काढतो," ते म्हणाले. तळाशी आलू मात्र हळूहळू पाइपाच्या तोंडाकडे निघाला होता.

सकाळी चारही क्वार्टरांचे नळ कोरडे. प्रकाशच्या तोंडाला साबण, खालचे तिवारीजी टॉवेलवर. "अरे भई, ये नल है कि निर्जला एकादशी?" ते ओरडले. पहिला भोंगा झाला तरी पाणी नाही. शेवटी मेंटेनन्समधून दत्तू प्लंबरला आणलं आणि अख्खा ब्लॉक फेसासकट गच्चीवर जमला.

दत्तूने आत आकडा सोडला. पहिल्याच खेपेला वाटी वर आली. तिच्यावर लग्नाच्या तारखेसह कोरलेलं होतं : सौ. वंदना.

"माझी वाटी?" वंदना म्हणाली.

"भाभीजी, आपका बाल्टीवाला खेल अब टंकी तक पहुँच गया?" तिवारीजींनी विचारलं.

"अहो, मी टाकीजवळ कधी गेलेसुद्धा नाही!"

"कटोरी तो आई थी!"

गोपीनाथरावांच्या जिवाला गारवा वाटला. ते खोटं कुठे बोलले होते? बोलली ती वाटी. आपण नुसतं गप्प राहायचं. उद्यापासून तिच्याकडे पोरं पाठवणार कोण?

तेवढ्यात त्यांना मुली दिसल्या. सुधाचे ओठ थरथरत होते. अनू मात्र वाटीकडे बघतच नव्हती. ती आजोबांकडे बघत होती, काल आलू पाण्यात सोडण्याआधी बघत होती तशीच. बुडेल की तरंगेल?

"काहीतरी जड लागलंय," दत्तू दोरी ओढत म्हणाला.

तांब्या! नावासकट! गोपीनाथराव गर्दीतून पुढे घुसले. "मीच!" ते ओरडले. "वाटी माझ्यापायी बुडाली. आलूही माझाच!"

दत्तूने वर काढलं ते टाकीचंच जुनं, गंजलेलं झाकण होतं. तांब्या खाली निवांत पडला होता.

प्रकाश वाळलेल्या साबणातून कसाबसा म्हणाला, "बाबा, तुम्ही?"

वंदना रागाने पुढे आली, पण तिच्या तोंडून निघालं भलतंच. "काका, वाटी आधी तरंगली होती का?"

गोपीनाथरावांना राहवलं नाही. "तरंगली म्हणजे? माझा तांब्यासुद्धा तरंगला!"

"मग बुडाला कसा?"

"पाणी शिरलं ना आत."

"आणि रिकामा होता तेव्हा का तरंगला?"

जन्मभर मोठमोठी यंत्रं बसवली, पण असं कोणी विचारलं नव्हतं. "का म्हणजे... तरंगून राहिला होता."

"संध्याकाळी बादलीपाशी या," वंदना म्हणाली.

"पहले पानी तो चालू करवाओ!" तिवारीजी किंचाळले.

दिवसभर गोपीनाथरावांनी रस्त्यावरच्या नळावरून घरोघर पाणी भरलं आणि दत्तूबरोबर पाइपात अडकलेला आलू आणि तळाचा तांब्या काढून टाकी घासली. संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा अनू पळाली नाही. आजोबांचं बोट धरून ती समोर गेली. दोन मुलींच्या मध्ये, मांडीवर तांब्या घेऊन, ते सतरंजीवर बसले.

वंदनाने तांब्या बादलीत सोडला. "कोण सांगेल, हा का तरंगतो?"

सगळ्यात आधी गोपीनाथरावांचा हात वर गेला. वंदनाने विचारलं सुधाला.

त्यांच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. "बघ," ते अनूच्या कानात कुजबुजले, "स्वतःच्या पोरीला आधी विचारते!"

"आजोबा, गप्प बसा ना," अनू म्हणाली, "नाहीतर काकू तुमचा नंबर शेवटी लावतील."